माणशी दर की जागेचा दर? ऑफिसच्या क्लाउड स्टोरेजचा हिशेब कसा मांडायचा

रिन्यूअलची तारीख जवळ आली की मला हमखास एक प्रश्न येतो: "दर माणशी एवढे पैसे भरतोय, ते वसूल होतात का?" मी छोट्या आणि मध्यम ऑफिसांची लायसन्स, खाती आणि फाइल्स सांभाळते, त्यामुळे हा प्रश्न माझ्या रोजच्या कामाचाच भाग आहे. माझं उत्तर बहुतेक वेळा असं असतं की जी माणसं दिवसभर त्या फाइल्समध्ये काम करतात त्यांच्यापुरते पैसे वसूल होतात, बाकीच्यांचे होत नाहीत. आता हे "बाकीचे" कोण, ते बिलावर लिहिलेलं नसतं. तिथे फक्त लायसन्सची संख्या, दर आणि बेरीज असते. म्हणून हिशेब आपल्यालाच मांडावा लागतो, आणि तो कसा मांडायचा ते इथे सांगते.

आधी एक गोष्ट पक्की करून घ्या. माणशी दर हा जागेचा दर नाही. तुम्ही पैसे देता ते माणसं सांभाळण्याचे: प्रत्येकाचा वेगळा लॉगिन, दोन टप्प्यांची पडताळणी, कोणी कोणती फाइल कधी उघडली याची नोंद, लॅपटॉप हरवला तर त्यावरचं खातं दुरून बंद करण्याची सोय, एकाच शीटवर तिघांनी एकाच वेळी काम करणं. बऱ्याच प्लॅनमध्ये मेल आणि व्हिडिओ कॉलही त्यातच येतात. जागा या सगळ्याच्या जोडीने मिळते.

नुसती जागा हवी असेल तर तिचा बाजार वेगळा आहे. अ‍ॅमेझॉनने मार्च २००६मध्ये एस३ ही सेवा सुरू केली, तेव्हापासून जेवढे जीबी ठेवाल तेवढे पैसे हा प्रकार रुळला आहे. बॅकब्लेझ बी२, वसाबी, क्लाउडफ्लेअर आर२ या सेवा त्याच पद्धतीने चालतात. ऑफिसात तीन माणसं आहेत की तीनशे, याच्याशी त्यांच्या बिलाला काही देणंघेणं नसतं. याला ऑब्जेक्ट स्टोरेज म्हणतात. तेव्हा खरा प्रश्न असा होतो: तुम्हाला माणसं सांभाळायची आहेत, फाइल्स साठवायच्या आहेत, की दोन्ही, आणि कशाचं प्रमाण किती?

आधी डोकी मोजा

पगारपत्रकावरची नावं इथे उपयोगाची नाहीत. अ‍ॅडमिन पॅनेलमधून वापरकर्त्यांची यादी डाउनलोड करा आणि ती एका शीटमध्ये उघडा. शेवटचा लॉगिन कधीचा आणि जागा किती व्यापली, हे दोन रकाने त्यात तयार मिळतात. तिसरा रकाना स्वतः भरायचा: ही व्यक्ती फाइल्स बनवते किंवा बदलते का, की फक्त बघते? हे पॅनेल सांगू शकत नाही. त्या त्या विभागाच्या माणसाशेजारी बसून विचारावं लागतं, आणि सगळ्या कामात मी सर्वांत जास्त वेळ इथेच घालवते.

एका आर्किटेक्ट ऑफिसची यादी उदाहरण म्हणून घेऊ. १९ लायसन्सचे पैसे जात होते. ड्रॉइंग करणारे आणि साइट बघणारे ११ जण. हिशेब आणि बिलं सांभाळणारे २. उरलेल्या सहांपैकी एक खातं "इन्फो" नावाचं, ज्यावर बाहेरून चौकशीचे मेल यायचे. दुसरं "अकाउंट्स", ते वर उल्लेख केलेले दोघे मिळून वापरायचे. तिसरं चक्क स्कॅनरचं, स्कॅन केलेले कागद क्लाउडवर पडावेत म्हणून. आणि राहिलेली तीन खाती नोकरी सोडून गेलेल्यांची, त्यांच्या फोल्डरमध्ये जुने प्रकल्प अडकलेत म्हणून चालू ठेवलेली.

या सहांपैकी एकाही खात्यासाठी सीट, म्हणजे एका माणसाचं लायसन्स, विकत घ्यायची गरज नव्हती. "इन्फो"सारख्या पत्त्यासाठी गूगल वर्कस्पेसमध्ये ग्रुप किंवा एखाद्याच्या खात्यालाच जोडलेला दुसरा पत्ता चालतो, आणि दोन्हींना वेगळं लायसन्स लागत नाही. मायक्रोसॉफ्ट ३६५मध्ये शेअर्ड मेलबॉक्स मिळतो, ५० जीबीपर्यंत लायसन्सशिवाय, आणि दोघंतिघं आपापल्या लॉगिनने तो उघडू शकतात. स्कॅनर मेल पाठवू शकत असेल तर त्याने ग्रुपच्या पत्त्यावर पाठवावं. गेलेल्या माणसांच्या फाइल्स कंपनीच्या सामायिक फोल्डरमध्ये हलवायच्या आणि मग खातं बंद करायचं. १९वरून १३ झाले, आणि प्लॅन बदलावा लागला नाही.

गेलेल्या माणसांचं काम मात्र घाईने करू नका. आधी मालकी हलवा, ती नीट हलली आहे याची फोल्डर उघडून खात्री करा, आणि मगच खातं काढा. गूगलमध्ये काढून टाकलेलं खातं परत आणायला २० दिवस मिळतात, मायक्रोसॉफ्टमध्ये ३०. शिवाय मायक्रोसॉफ्टने जानेवारी २०२५पासून लायसन्स नसलेल्या वनड्राइव्हबद्दल, म्हणजे माणसाच्या वैयक्तिक फाइल-कप्प्याबद्दल, नियम कडक केला आहे: ९३ दिवस लायसन्सशिवाय राहिलेलं वनड्राइव्ह आर्काइव्हमध्ये जातं आणि ते पुन्हा उघडायला वेगळे पैसे लागतात. "लायसन्स काढून घेतलं, फाइल्स तिथेच राहतील, बघू नंतर" असं म्हणून आता चालत नाही.

आता फक्त बघणारे. क्लायंट, बाहेरचे सल्लागार, महिन्यातून एकदा रिपोर्ट उघडणारे भागीदार यांना सीट देऊ नका, पाहुणे म्हणून लिंक द्या. लिंक नावानिशी द्या आणि जिथे सोय असेल तिथे तिला मुदत घाला. "ज्याच्याकडे लिंक आहे त्याला दिसेल" हा पर्याय ऑफिसच्या फाइल्ससाठी अ‍ॅडमिनमधून बंदच करून टाका. पैसे वाचवण्याच्या भरात आपल्याच कर्मचाऱ्यांना पाहुणे बनवू नका, किंवा चौघांना एका लॉगिनवर बसवू नका. करारात ते बसत नाहीच, पण त्याहून मोठं नुकसान म्हणजे फाइल कोणी पुसली याची नोंद निरर्थक होते, आणि दुसऱ्या टप्प्याचा कोड ज्याच्या फोनवर येतो तो सुट्टीवर गेला की सगळे अडकतात. ज्यासाठी माणशी पैसे भरले, तेच हातचं जातं.

जागा सगळ्यांची मिळून आहे की प्रत्येकाची वेगळी?

जाहिरातीत "दर वापरकर्ता इतके टीबी" असं लिहिलेलं असतं. पण ती जागा एका हौदात जमा होते की प्रत्येकाच्या खात्यात वेगळी बांधलेली असते, यावर सगळा हिशेब फिरतो. एवढं एक कलम नीट वाचलंत तरी अर्धं काम झालं.

गूगल वर्कस्पेसमध्ये जागा सामायिक असते. बिझनेस स्टार्टरला माणशी ३० जीबी, स्टँडर्डला २ टीबी, प्लसला ५ टीबी, आणि ही सगळी बेरीज पूर्ण कंपनीने मिळून वापरायची. स्टँडर्डवर १२ जण असतील तर २४ टीबीचा एक साठा, त्यात एकाने १० टीबी भरली आणि बाकीच्यांनी थोडी थोडी वापरली तरी चालतं. मेलही याच साठ्यात मोजला जातो, हे विसरू नका.

मायक्रोसॉफ्टची रचना वेगळी आहे. बिझनेसच्या प्लॅनमध्ये प्रत्येकाला वनड्राइव्हची १ टीबी मिळते, ती त्याच्या एकट्याची. कंपनीची सामायिक जागा म्हणजे शेअरपॉइंट, आणि टीम्सच्या चॅनेलमध्ये टाकलेल्या फाइल्सही तिथेच जातात. तिचं गणित असं: पूर्ण कंपनीला १ टीबी, अधिक प्रत्येक लायसन्समागे १० जीबी. म्हणजे १२ माणसांच्या कंपनीकडे वैयक्तिक कप्प्यांत १२ टीबी, पण सामायिक जागा १ टीबी आणि १२० जीबी. सामायिक जागा भरली की माणसं आपापल्या वनड्राइव्हमध्ये प्रकल्प ठेवायला लागतात, कारण तिथे भरपूर जागा रिकामी दिसते. मग तो माणूस नोकरी सोडतो, आणि प्रकल्प त्याच्या खात्याबरोबर अडकतो. वर सांगितलेली ती तीन खाती नेमकी अशाच सवयीतून तयार होतात. म्हणून मायक्रोसॉफ्ट घेताना मी माणशी १ टीबी हा आकडा बाजूला ठेवते आणि आधी शेअरपॉइंटचं गणित करते.

ड्रॉपबॉक्सच्या अ‍ॅडव्हान्स्ड प्लॅनमध्ये पूर्वी "लागेल तेवढी जागा" मिळायची. ऑगस्ट २०२३मध्ये त्यांनी ती सोय बंद करत असल्याचं जाहीर केलं. काहीजण ती जागा क्रिप्टोच्या मायनिंगसाठी वापरत होते, काही तिची पुढे विक्री करत होते, असं कारण कंपनीने दिलं. त्यानंतर तीन लायसन्सना मिळून १५ टीबी आणि पुढच्या प्रत्येकी ५ टीबी असं गणित आलं. त्या अमर्याद जागेच्या भरवशावर ज्यांनी वर्षानुवर्षांचे व्हिडिओ तिथे साठवले होते, त्यांना नव्याने मांडामांड करावी लागली. तेव्हापासून "अमर्याद" हा शब्द दिसला की मी त्याला आजच्या दिवसापुरती सवलत समजते, आणि ती उद्या गेली तर आपला डेटा किती टीबी आहे हे लिहून ठेवते.

डेटा कशाने फुगलाय?

सर्वांत मोठे दहा फोल्डर काढा आणि प्रत्येकासमोर शेवटचा बदल कधी झाला ते लिहा. हे काम पटकन होतं आणि त्यातून बरंच कळतं. बहुतेक ऑफिसांत दिसतं ते असं: रोजचं काम थोड्या जागेत चाललेलं असतं आणि उरलेली जागा संपलेल्या प्रकल्पांनी, फोटोंनी, रेकॉर्ड केलेल्या मीटिंगांनी अडवलेली असते.

एक गोष्ट सहसा नजरेतून सुटते, ती म्हणजे जुन्या आवृत्त्या. शेअरपॉइंट प्रत्येक फाइलच्या आधीच्या आवृत्त्या ठेवतं, मूळ सेटिंगमध्ये ५००पर्यंत, आणि त्या तुमच्या जागेत मोजल्या जातात. दोन पानांच्या पत्राला त्याने फरक पडत नाही. पण २०० एमबीची ड्रॉइंग फाइल कोणी दिवसभर सेव्ह करत बसलं, तर फोल्डरमध्ये एकच फाइल दिसते आणि कोट्यातून कितीतरी जीबी गेलेले असतात. पुसलेल्या फाइल्सही तिथे ९३ दिवस रिसायकल बिनमध्ये राहतात आणि जागा खात राहतात. जास्त सीट विकत घेण्याआधी आवृत्त्यांची मर्यादा खाली आणून बघा.

आता मुख्य आकडेमोड

एका सीटचा महिन्याचा दर घ्या आणि त्याला ऑब्जेक्ट स्टोरेजच्या एका टीबीच्या महिन्याच्या दराने भागा. उत्तर म्हणजे एका सीटच्या पैशात किती टीबी नुसती जागा येते. दोन्ही दर त्याच दिवशी, एकाच चलनात आणि करासकट घ्या. मग तुमचा एकूण डेटा भागिले खरोखर काम करणारी माणसं, म्हणजे माणशी डेटा, हा आकडा काढा. दोन्ही आकडे शेजारी ठेवा: माणशी डेटा खूप कमी असेल तर तुम्ही पैसे मुख्यतः माणसांसाठी देताय, खूप जास्त असेल तर जागेसाठी.

समजा एका हिशेबनीसांच्या फर्ममध्ये ३० जण आहेत आणि सगळा डेटा मेलसकट ६०० जीबी. माणशी २० जीबी. यांच्यासाठी जागेचा खर्च जवळपास नाहीच. ते पैसे देतात ते लॉगिन, नोंदी आणि शेअरिंगच्या नियमांसाठी. दुसऱ्यांची आर्थिक कागदपत्रं सांभाळणाऱ्या फर्मला तर या गोष्टी हव्यातच. इथे माणशी दर योग्य आहे. फक्त प्लॅन किती वरचा घ्यायचा ते बघायचं: माणशी ३० जीबीच्या सामायिक साठ्यात ३० जणांना ९०० जीबी मिळतात, म्हणजे ६०० आरामात मावतात. जागेसाठी वरचा प्लॅन घेण्याचं कारण उरत नाही. वाढीव नोंदी किंवा कडक सुरक्षा हवी असेल तर गोष्ट वेगळी, आणि तसं असेल तर पैसे खुशाल द्यावेत.

आता दुसरं ऑफिस घ्या: पाच जणांचा व्हिडिओ स्टुडिओ, डेटा ४० टीबी. माणशी ८ टीबी. माणशी ५ टीबीच्या प्लॅनवर पाच सीटना २५ टीबी मिळतात, १५ कमी पडतात. मग तीन सीट जास्त घ्यायच्या, ज्यांवर कोणी बसणार नाही, फक्त जागा मिळावी म्हणून. हे सुचवणारे सल्लागार मी पाहिले आहेत आणि मला ते अजिबात पटत नाही. नसलेल्या माणसांचे लॉगिन, मेल आणि सुरक्षा विकत घेऊन त्यातून हार्डडिस्क काढण्याचा हा प्रकार आहे. शिवाय पुढच्या वर्षी डेटा वाढला की आणखी रिकाम्या सीट घ्याव्या लागतात.

अशा ऑफिसात विभागणी करा. पाच सीट ठेवा, चालू प्रकल्प त्यांच्या साठ्यात ठेवा, आणि संपलेले प्रकल्प ऑब्जेक्ट स्टोरेजमध्ये हलवा. चालू काम ४ टीबी असेल तर ३६ टीबी बाहेर जातात, आणि माणशी जागेचा लहान प्लॅनही पुरू शकतो. नव्या प्रकल्पाचं बिल चुकतं झालं की फोल्डर तिकडे जाईल, असा एक साधा नियम ठरवून टाका, म्हणजे कोणाला आठवण करून द्यावी लागत नाही.

हे करताना ऑब्जेक्ट स्टोरेजच्या अटी माहीत हव्यात. एस३मध्ये ठेवण्याबरोबर डेटा बाहेर काढण्याचेही पैसे लागतात. बॅकब्लेझ बी२मध्ये साठवलेल्या डेटाच्या महिन्याला तिपटीपर्यंत डाउनलोड मोफत असतं, आर२मध्ये डाउनलोडचे पैसे घेतच नाहीत. वसाबीमध्ये नेहमीच्या हिशेबात किमान १ टीबीचे पैसे आणि प्रत्येक फाइलमागे किमान ९० दिवसांचे पैसे धरले जातात, म्हणून आज टाकून उद्या पुसायच्या फाइल्ससाठी ते नाही. एस३चा ग्लेशियर डीप आर्काइव्ह सर्वांत स्वस्तांपैकी आहे, पण तिथे किमान १८० दिवसांचं बिल लागतं आणि फाइल परत मागितली की नेहमीच्या पद्धतीने हातात यायला १२ तासांपर्यंत लागू शकतात. क्लायंटने जुना फुटेज संध्याकाळपर्यंत मागितला तर? असं तुमच्याकडे होत असेल तर डीप आर्काइव्ह घेऊ नका.

आणि ही जागा म्हणजे ऑफिसचा रोजचा फोल्डर नव्हे. तिथे दोघांना एकाच फाइलवर मिळून काम करता येत नाही, थेट एडिट करता येत नाही. फाइल्स चढवायला-उतरवायला सायबरडक किंवा आरक्लोनसारखं साधन लागतं. ऑफिसात एका माणसाने हे शिकून घ्यायला हवं, आणि त्याच्या वेळेची किंमत हिशेबात धरायला हवी. असा माणूस नसेल आणि डेटा दोन-चार टीबीच असेल, तर मी विभागणीच्या भानगडीत पडू नका असंच सांगते. वाचणारे पैसे त्या त्रासाला पुरत नाहीत.

कराराची कलमं

दर तपासून झाला की या गोष्टी विचारा. किमान सीट किती? काही प्लॅन तीनच्या खाली मिळतच नाहीत, आणि दोघांच्या ऑफिसला तिसरी सीट कायम रिकामी ठेवावी लागते. वर्षभराच्या करारात सीट वाढवता येतात, पण कमी करता येतात का? मायक्रोसॉफ्टच्या वार्षिक करारात खरेदी किंवा रिन्यूअलनंतर पहिल्या सात दिवसांत कमी करता येतात, मग पुढच्या रिन्यूअलपर्यंत थांबावं लागतं. हंगामी माणसं घेणाऱ्या ऑफिसने कायमच्या माणसांसाठी वार्षिक आणि हंगामी माणसांसाठी महिन्याच्या मुदतीच्या सीट घ्याव्यात. माणशी दर महाग पडला तरी वर्षाचं बिल कमी येतं. वेगवेगळ्या माणसांना वेगवेगळे प्लॅन देता येतात का, हेही विचारा. मायक्रोसॉफ्टमध्ये देता येतात, आणि फक्त मेल व ब्राउझरवर काम करणाऱ्यांना वरचा प्लॅन द्यावा लागत नाही. कंपनी वाढणार असेल तर गूगल आणि मायक्रोसॉफ्ट दोन्हींचे बिझनेस प्लॅन ३०० वापरकर्त्यांपर्यंतच आहेत. पुढे एंटरप्रायझचा दर लागतो.

बॅकअपबद्दल थोडक्यात: सिंक म्हणजे बॅकअप नाही. एका लॅपटॉपवर फोल्डर पुसला की तो सगळीकडून पुसला जातो. म्हणून माणशी दराच्या सेवेत ठेवलेल्या डेटाचीही एक प्रत दुसऱ्या कंपनीकडे किंवा ऑफिसातल्या नॅसवर (नेटवर्कला जोडलेल्या हार्डडिस्कच्या पेटीवर) हवी, आणि तो खर्च तुलनेत दोन्ही बाजूंना धरायचा.

शेवटचं काम करारावर सही करण्याआधीचं. चाचणीच्या खात्यात एक खराखुरा प्रकल्प टाका, त्यात काही गूगल डॉक किंवा तिथल्याच प्रकारच्या फाइल्स असू द्या, आणि मग तो सगळा फोल्डर बाहेर काढून बघा. किती वेळ लागला, डॉकचं वर्डमध्ये रूपांतर झाल्यावर तक्ते आणि कॉमेंट्स टिकल्या का, कोणाला कोणती परवानगी होती याची यादी सोबत आली का, हे लिहून काढा. परवानग्यांची यादी बहुतेक वेळा येत नाही, तेव्हा ती वेगळी ठेवावी लागेल हे आताच कळेल. त्या कागदावर रिन्यूअलची तारीख आणि सीट कमी करण्याची शेवटची तारीख लिहा, आणि दोन्ही तारखा बिलं भरणाऱ्या माणसाच्या कॅलेंडरमध्ये महिनाभर आधीच्या सूचनेसह टाका.